उत्तरातले किती अंक खरे? न्यूमेरिकल मेथड्स नव्यानं शिकणाऱ्यांसाठी

न्यूमेरिकल मेथड्स म्हणजे गणितं नेमक्या सूत्राऐवजी आकडेमोडीनं, हव्या तेवढ्या अंकांपर्यंत सोडवण्याच्या पद्धती. त्यांच्या पहिल्या प्रॅक्टिकलला बहुतेक जण सूत्रं पाठ करून येतात, आकडे टाकतात आणि कॅल्क्युलेटरवर उमटलेले दहाच्या दहा अंक जर्नलमध्ये उतरवतात. या विषयात तेवढ्यानं काम अर्धंच होतं. त्या दहांपैकी किती अंक खरे आणि ते कशावरून, हे सांगता आलं की उत्तर पुरं झालं. बारावीचं कलन येत असेल तर पुढचं सगळं समजायला अडचण नाही. कागद-पेन्सिल घेऊनच वाचा, कारण इथले आकडे स्वतः काढून पाहिल्याशिवाय पचत नाहीत.

आधी एका शब्दाचा खुलासा. 'एरर'ला इथे चूक म्हणायचं नाही, त्रुटी म्हणायचं. वजाच्या जागी अधिक टाकलं ती चूक. त्रुटी मात्र सगळं बरोबर करूनही उरते आणि ती दोन वाटांनी येते. न संपणारी प्रक्रिया आपण मध्येच थांबवतो म्हणून येते ती ट्रंकेशन त्रुटी. यंत्र ठरावीक अंकच लक्षात ठेवतं म्हणून येते ती राउंड-ऑफ त्रुटी. पहिली कमी करायला जावं तर बरेचदा दुसरी वाढते. ही ओढाताण पुढे आकड्यांतच दिसेल.

बसण्याआधीची तयारी

एक वही, एक सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणि संगणकावर पायथन, सायलॅब किंवा ऑक्टेव्ह यांपैकी काहीही एक. तिन्ही फुकट मिळतात. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात सायलॅबचे छोटे धडे आहेत, आणि त्या प्रकल्पाचे बरेच धडे मराठी आवाजातही ऐकता येतात.

कॅल्क्युलेटर रेडियनमध्ये आहे ना, हे सगळ्यात आधी पाहा. कोणताही आकडा टाका आणि कॉसचं बटण पुन्हा पुन्हा दाबत राहा. आकडा ०.७३९०८५ वर स्थिरावला तर रेडियन, ०.९९९८४८ वर स्थिरावला तर डिग्री. परीक्षेत त्रिकोणमितीय समीकरणाचं उत्तर साफ वेगळं येण्याचं हे एक नेहमीचं कारण. दुसरं नेहमीचं कारण लॉगचं. कॅल्क्युलेटरवरचं 'लॉग' पायाला १० धरतं आणि नैसर्गिक लॉगसाठी 'एलएन' वेगळं असतं. पायथनच्या मॅथ मॉड्यूलमधलं लॉग मात्र नैसर्गिकच असतं.

संगणकावर आणखी दोन खड्डे आहेत. पायथनमध्ये घातासाठी दोन तारे लिहायचे असतात. टोपीसारखं कॅरेट चिन्ह टाकून २ चा ३ रा घात मागितलात तर उत्तर १ येतं, कारण तिथे ते चिन्ह बिटांवरची वेगळीच क्रिया करतं. सायलॅब आणि ऑक्टेव्हमध्ये कॅरेट चालतं, त्यामुळे एकीकडचा प्रोग्राम दुसरीकडे नेताना हे हमखास निसटतं. सी भाषेत एक भागिले दोन लिहिलं तर शून्य मिळतं. शिवाय तिथलं 'एबीएस' हे पूर्णांकांसाठी आहे. दोन अंदाजांतला फरक ०.४ असेल तर ते त्याचा ० करून टाकतं आणि लूप (त्याच पायऱ्या पुन्हा पुन्हा चालवणारा भाग) पहिल्या-दुसऱ्या फेरीतच 'उत्तर सापडलं' म्हणून थांबतं. तिथे 'एफएबीएस'च वापरा.

यंत्राला ०.१ लिहिता येत नाही

पायथनला ०.१ + ०.२ विचारा. उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. यात बिघाड काही नाही. एक तृतीयांश आपल्याला दशांशात ०.३३३… असा कधीच पुरा लिहिता येत नाही, तसाच एक दशांश हा द्विमान पद्धतीत न संपणारा अपूर्णांक आहे. १९८५ साली ठरलेल्या आयईईई ७५४ या मानकाप्रमाणे 'डबल' संख्येला ६४ बिटं मिळतात: १ चिन्हाला, ११ घातांकाला आणि ५२ अपूर्णांकाच्या भागाला. म्हणजे आपल्या हिशेबानं साधारण १५-१६ अंक. १ आणि त्याच्या लगेच पुढची संख्या यांच्यात सुमारे २.२ भागिले १० चा १६ वा घात एवढं अंतर असतं. शून्यं मोजताना घसरण सहज होते, म्हणून फार लहान संख्या नेहमी घाताच्या रूपातच लिहीत जा.

एवढ्याशा फरकानं काय बिघडतं? २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धाहरान इथे पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मारले गेले. यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत वेळ मोजत होतं आणि ०.१ ही संख्या २४ बिटांत तोडून ठेवलेली होती. घड्याळाच्या दर टिकेला त्रुटी होती जेमतेम ०.०००००००९५ सेकंदाची. पण यंत्रणा सुमारे १०० तास बंद न करता चालू होती. १०० तासांत ३६ लाख टिका होतात. गुणाकार करा, ०.३४ सेकंद येतात. स्कड तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं.

वर्गात जास्त वेळा भेटणारा धोका वेगळा आहे: जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी. क्ष² − १०,००,००,०००क्ष + १ = ० हे समीकरण घ्या (मधला सहगुणक दहा कोटी). लहान मूळ जवळजवळ नेमकं एक भागिले दहा कोटी, म्हणजे ०.०००००००१ आहे. शाळेतलं वर्गसमीकरणाचं सूत्र पायथनमध्ये जसंच्या तसं चालवलं तर येतं ०.००००००००७४५. पंचवीस टक्के चुकलं, तेही सोळा अंकी गणितात! कारण सूत्रात दहा कोटीतून 'दहा कोटीला अगदी थोडं कमी' असं वर्गमूळ वजा होतं. पुढचे सगळे सारखे अंक एकमेकांना खाऊन टाकतात आणि मागे उरतो तो शेवटच्या बिटाचा गाळ. उपाय सोपा आहे. मोठं मूळ आधी काढा, तिथे बेरीज असल्यानं धोका नसतो. मुळांचा गुणाकार १ आहे हे माहीत आहेच, म्हणून लहान मूळ = १ ÷ मोठं मूळ. उत्तर सगळ्या अंकांनिशी बरोबर येतं. सूत्र गणितानं खरं असलं तरी यंत्रावर चालवायला योग्य असेलच असं नाही, हे याच उदाहरणातून मनात पक्कं बसतं. म्हणून ते चुकवू नका.

मूळ शोधणं: आधी कुठे आहे ते पाहा

आता मुख्य काम. क्ष³ − २क्ष − ५ = ० हे समीकरण आपण शेवटपर्यंत वापरू. न्यूटननं १६६९ मध्ये आपली पद्धत मांडताना हेच उदाहरण घेतलं होतं. डाव्या बाजूला फ(क्ष) म्हणू.

कोणतीही पद्धत लावण्याआधी छोटं कोष्टक करा: क्ष = ०, १, २, ३ ला फ = −५, −६, −१, १६. दोन आणि तीनमध्ये चिन्ह बदललं, फलन सलग आहे, म्हणजे मधे मूळ आहे. ही पायरी गाळणारे विद्यार्थी पुढे भलत्याच मुळाकडे जातात.

बायसेक्शन. अंतर अर्धं करत जायचं:

१. डावं टोक ल = २, उजवं टोक उ = ३. दोन्ही ठिकाणची चिन्हं वेगळी आहेत याची खात्री.
२. मधला बिंदू म = ल + (उ − ल)/२. असं लिहिलं की बेरीज कधी हाताबाहेर मोठी होत नाही.
३. फ(म) चं चिन्ह पाहा. ते डाव्या टोकासारखं असेल तर ल च्या जागी म, नाहीतर उ च्या जागी म.
४. अंतर हवं तेवढं लहान होईपर्यंत पायरी २ वर परत.

पहिले पाच मधले बिंदू आणि त्यांची फलं अशी येतात: २.५ ला ५.६२५, २.२५ ला १.८९०६, २.१२५ ला ०.३४५७, २.०६२५ ला −०.३५१३, २.०९३७५ ला −०.००८९. आता मूळ २.०९३७५ आणि २.१२५ यांच्यात अडकलं.

बायसेक्शन संथ आहे, पण तिची एक गोष्ट इतर कुणाकडे नाही: किती फेऱ्या लागतील हे आधीच सांगता येतं. एक लांबीचं अंतर दर फेरीला निम्मं होतं. २ चा २० वा घात १०,४८,५७६ आहे, म्हणून २० फेऱ्यांनी अंतर दशलक्षांशाच्या आत येतं. समीकरण कोणतंही असो, फेऱ्या तितक्याच.

तिला फसवता येतं ते एकाच प्रकारे. टॅन क्ष १ ला १.५५७ आहे, २ ला −२.१८५. चिन्ह बदललं म्हणून बायसेक्शन लावलं तर ती निमूटपणे १.५७०८ देते. तिथे मूळ नाही, तिथे टॅनची किंमत अनंताकडे उडी मारते. शेवटी फ(म) छापून बघितलं असतं तर ती प्रचंड मोठी दिसली असती. म्हणून अंतिम उत्तराची फ मध्ये किंमत टाकून पाहणं कधी सोडू नका.

न्यूटन-रॅफसन

हातातल्या अंदाजावर वक्राला स्पर्शिका काढायची, ती क्ष-अक्षाला जिथे भेटेल तो नवा अंदाज. सूत्र: नवा = जुना − फ(जुना) ÷ फ′(जुना). आपल्या समीकरणासाठी फ′(क्ष) = ३क्ष² − २.

सुरुवात २ पासून:
अंदाज २: फ = −१, उतार १०, नवा २.१
अंदाज २.१: फ = ०.०६१, उतार ११.२३, नवा २.०९४५६८१२११
पुढचा: २.०९४५५१४८१७
त्यापुढचा: २.०९४५५१४८१५

खरं मूळ २.०९४५५१४८१५४… आहे. २.१ ची त्रुटी ०.००५४, पुढच्याची ०.००००१६६, त्यापुढच्याची ०.०००००००००१६. दशांश चिन्हानंतरची शून्यं मोजा: २, ४, ९. दर फेरीला खऱ्या अंकांची संख्या जवळपास दुप्पट होते. यालाच क्वाड्रॅटिक कन्व्हर्जन्स म्हणतात, आणि ती स्वतःच्या वहीत घडताना पाहणं हा या विषयातला खराखुरा आनंद आहे.

कॅल्क्युलेटरवर प्रत्येक अंदाज पुन्हा टाइप करू नका. तसं करताना अंक गळतात. २ टाकून 'इक्वल टू' दाबा, मग 'आन्स'चं बटण वापरून एकदाच लिहा: आन्स − (आन्स³ − २आन्स − ५) ÷ (३आन्स² − २). आता नुसतं 'इक्वल टू' दाबत राहा, दर दाबाला एक फेरी. कंस पूर्ण आहेत ना ते पाहा. छेदाचा कंस राहिला तर फक्त ३आन्स² नं भाग जातो आणि शेवटचा −२ भलतीकडे जोडला जातो. आकडे तरीही कुठेतरी स्थिरावू शकतात, पण चुकीच्या जागी.

क्ष² = २ साठी हेच सूत्र सुटसुटीत होतं: नवा = (जुना + २ ÷ जुना) ÷ २. ३/२ पासून निघालात तर १७/१२ आणि मग ५७७/४०८ येतं. बौधायनाच्या शुल्बसूत्रात दोनच्या वर्गमुळासाठी १ + १/३ + १/(३·४) − १/(३·४·३४) असं दिलेलं आहे. ते जोडून पाहा, बरोबर ५७७/४०८ च मिळतं, १.४१४२१५६८… इतकं. खरी किंमत १.४१४२१३५६… आहे.

आता न्यूटन कुठे फसतो ते.

क्ष³ − २क्ष + २ ला ० पासून सुरू करा. पुढचा अंदाज १, त्यापुढचा ०, पुन्हा १. असं कायमचं झुलत राहतं. म्हणून प्रोग्राममध्ये फेऱ्यांची कमाल मर्यादा घालायचीच, ५० पुरे. मर्यादा संपली तर 'उत्तर सापडलं नाही' असं छापायला सांगा, शेवटचा आकडा उत्तर म्हणून छापू नका.

उतार शून्याच्या जवळ असला की स्पर्शिका जवळजवळ आडवी होते आणि पुढचा अंदाज कुठल्या कुठे फेकला जातो. भागाकाराआधी उतार तपासा.

मूळ दुहेरी असेल, जसं (क्ष − १)² मध्ये, तर अंक दुप्पट होणं बंद पडतं आणि त्रुटी फक्त निम्मी होत जाते. वेग बायसेक्शनसारखा झालेला दिसला की दुहेरी मुळाची शंका घ्या. तिथे भागाकाराला २ नं गुणलं की वेग परत येतो. मात्र क्ष² − २क्ष + १ असं विस्तारून लिहिलं असेल तर डबलमध्येही साधारण ८ च अंक खरे मिळतात. फ मधली सोळाव्या अंकावरची त्रुटी वर्गमूळ होऊन क्ष मध्ये आठव्या अंकावर उतरते. पद्धत कितीही हुशार असली तरी याला इलाज नाही.

फ′ काढणं अवघड असेल तर सीकंट पद्धत. तीत स्पर्शिकेऐवजी शेवटच्या दोन बिंदूंमधून रेष काढतात. २ आणि २.१ पासून तिचा पुढचा अंदाज २.०९४२५ येतो. कन्व्हर्जन्सचा क्रम १.६१८, म्हणजे न्यूटनपेक्षा थोडी मंद, पण दर फेरीला फलाची एकच नवी किंमत काढावी लागते.

प्रत्यक्ष कामात दोन्हींचा मेळ घाला: बायसेक्शनच्या चार-पाच फेऱ्यांनी मूळ कोंडीत पकडा, मग न्यूटन. न्यूटनचा अंदाज कोंडीबाहेर गेला की त्या फेरीपुरतं पुन्हा बायसेक्शन.

कुठे थांबायचं

'फ जवळजवळ शून्य झालं की थांबा' एवढी एकच अट पुरत नाही. (क्ष − १) च्या १० व्या घातात क्ष = १.१ टाका. फ येतं एक भागिले १००० कोटी, इतकं लहान, आणि क्ष मात्र पहिल्याच दशांशाला चुकलेला. उलट 'दोन अंदाज जवळ आले की थांबा' हीही एकटी अट फसवते, कारण संथ पद्धतीत पावलं लहान असतात आणि मूळ अजून दूर असतं. दोन्ही अटी एकत्र लावा. उत्तर फार मोठं किंवा फार लहान असेल तर फरकाला अंदाजानं भागून सापेक्ष फरक पाहा. आणि टॉलरन्स (किती फरक चालेल ती मर्यादा) कधी शून्य ठेवू नका, नाहीतर शेवटच्या बिटावर अंदाज डोलत राहून लूप अडकू शकतो.

क्ष = ग(क्ष) अशी मांडणी

फिक्स्ड पॉइंट इटरेशनमध्ये जुना अंदाज ग मध्ये टाकून नवा काढत जातात. इथे मांडणीवरच सगळं अवलंबून असतं. आपलंच समीकरण क्ष = (क्ष³ − ५)/२ असं लिहून २ पासून निघा: १.५, −०.८१२५, −२.७६८, −१३.१. पळालं. तेच क्ष = (२क्ष + ५) चं घनमूळ असं लिहा: २.०८०१, २.०९२४, २.०९४२, आणि शांतपणे मुळाकडे. फरक मुळाजवळच्या ग′ चा. पहिल्या मांडणीत तो ६.५८ आहे, दुसरीत ०.१५२. चिन्ह सोडून तो एकापेक्षा लहान असेल तर दर फेरीला त्रुटी तेवढ्या पटीनं आकसते, मोठा असेल तर फुगते. फेऱ्या सुरू करण्याआधी ग′ ची किंमत काढायला एक मिनिट लागतं.

डेरिव्हेटिव्ह: पाऊल किती लहान?

ई चा क्ष वा घात, क्ष = ० ला. खरा उतार १. (फ(पाऊल) − फ(०)) ÷ पाऊल असं काढत पाऊल बारीक करू:

पाऊल ०.१: १.०५१७
पाऊल ०.०००१: १.००००५
पाऊल १० चा −८ वा घात: ०.९९९९९९९९४
पाऊल १० चा −१५ वा घात: १.११०२
पाऊल १० चा −१६ वा घात: ०

शेवटच्या ओळीत १ मध्ये मिळवलेलं पाऊल यंत्राच्या अंकांत मावलंच नाही, म्हणून वजाबाकी शून्य. सुरुवातीला म्हटलेली ओढाताण ती हीच: पाऊल लहान केलं की ट्रंकेशन घटते आणि एका हद्दीनंतर राउंड-ऑफ वरचढ होते. या सूत्रासाठी पाऊल १० च्या −८ व्या घाताच्या आसपास ठेवा. दोन्ही बाजूंना पाऊल टाकणारं मध्य-फरकाचं सूत्र वापरलंत तर १० चा −५ वा घात ठीक पडतो आणि उत्तरही जास्त अंकांपर्यंत खरं येतं.

इंटिग्रल: अंतरं दुप्पट करा, त्रुटी आपोआप कळते

ई चा −क्ष² वा घात, ० ते १. याचं इंटिग्रल नेहमीच्या फलनांत लिहिता येत नाही, म्हणून पद्धतीला खरं काम आहे. चार भाग पाडले की ०, ०.२५, ०.५, ०.७५, १ या ठिकाणी किंमती १, ०.९३९४१३, ०.७७८८०१, ०.५६९७८३, ०.३६७८७९.

ट्रॅपेझॉइडल: टोकं एकपट, मधल्या दुप्पट, पाऊल/२ नं गुणा. येतं ०.७४२९८४.
सिम्प्सन १/३: गुणक १, ४, २, ४, १, पाऊल/३ नं गुणा. येतं ०.७४६८५५.
खरी किंमत ०.७४६८२४१.

किंमती त्याच पाच, तरी सिम्प्सनची त्रुटी शंभरपटीहून कमी. सिम्प्सनला भाग सम लागतात. सिम्प्सनच्याच ३/८ नियमाला तीनच्या पटीत. ४ आणि २ ची अदलाबदल ही नित्याची चूक. ती पकडायला सगळ्या गुणकांची बेरीज करून पाऊल/३ नं गुणा, अंतराची लांबी यायला हवी. इथे १२ × ०.२५ ÷ ३ = १. जुळलं.

खरी किंमत माहीत नसताना त्रुटी कशी कळणार? भाग दुप्पट करून. ८ भागांनी ट्रॅपेझॉइडल ०.७४५८६६ देतं. त्रुटी ०.००३८४ वरून ०.०००९६ वर आली, चौथा हिस्सा, जसा व्हायला हवा. त्यामुळे दोन उत्तरांतल्या फरकाचा तिसरा भाग हा नव्या उत्तराच्या त्रुटीचा चांगला अंदाज ठरतो. तो मिळवून टाका: (४ × ०.७४५८६५६ − ०.७४२९८४१) ÷ ३ = ०.७४६८२६१. हे ८ भागांचं सिम्प्सनच आहे, फुकटात मिळालेलं. सिम्प्सनमध्ये हाच हिस्सा सोळावा असतो.

हे गुणोत्तर प्रोग्रामची सगळ्यात कडक तपासणी आहे. फलन गुळगुळीत असून ट्रॅपेझॉइडलला ४ येत नसेल तर प्रोग्राम चुकला आहे, उत्तर कितीही पटण्यासारखं दिसो. अपवाद फलनाचाच असू शकतो. √क्ष ला ० जवळ उभा उतार असतो, म्हणून तिथे दोन्ही नियमांना २.८ च्या आसपासच गुणोत्तर मिळतं. क्ष = ट² अशी अदलाबदल केली की ही अडचण जाते.

समीकरणांची जोडी आणि पिव्होट

०.०००१क्ष + य = १ आणि क्ष + य = २. तीन सार्थ अंक ठेवून सोडवा. पहिल्या समीकरणाला १०,००० नं गुणून वजा केलं तर −९९९९य = −९९९८. तीन अंकांत दोन्ही −१०,००० होतात, य = १, आणि मागे जाऊन क्ष = ०. खरं उत्तर दोन्हींना १ च्या अगदी जवळ आहे. ओळींची अदलाबदल करून मोठा सहगुणक वर आणला की तीन अंकांतही क्ष = १, य = १ येतं. गाऊस एलिमिनेशन (असं वजा करत एकेक चल काढून टाकणं) करताना दर स्तंभात सगळ्यात मोठा सहगुणक, म्हणजे पिव्होट, वर आणायचा, एवढाच नियम. वरचा सहगुणक शून्य नसला तरीही आणायचा.

डिफरन्शियल समीकरणं

ऑयलर पद्धत: नवं य = जुनं य + पाऊल × उतार. य′ = −२०य, सुरुवात १. खरं उत्तर झपाट्यानं शून्याकडे जातं. पाऊल ०.१ घेतलं तर १, −१, १, −१. पाऊल ०.१५ घेतलं तर १, −२, ४, −८. ही स्थिरतेची अडचण आहे. इथे पाऊल ०.१ पेक्षा लहानच हवं, आणि उत्तराची चिन्हं उलटसुलट नकोत तर ०.०५ च्या आत.

रुंगे-कुट्टा ४ मध्ये चार उतार घेऊन १, २, २, १ अशा वजनानं सरासरी काढतात. दुसरा आणि तिसरा उतार अर्ध्या पावलावर काढायचा असतो. य अर्ध्या पावलानं पुढे नेतात पण वेळ मात्र विसरतात, ही इथली ठरलेली चूक. समीकरणात वेळ उघड येत नसेल तर ती लपून राहते, म्हणून प्रोग्राम तपासायला य′ = ट + य सारखं उदाहरण घ्या. पाऊल निम्मं केल्यावर ऑयलरची त्रुटी निम्मी आणि रुंगे-कुट्टाची सोळावा हिस्सा व्हायला हवी.

जर्नलमध्ये काय लिहायचं

मधल्या पायऱ्यांत मागितल्यापेक्षा दोन अंक जास्त ठेवा, पूर्णांकन शेवटी एकदाच. अंदाज, फ, उतार आणि आधीच्या अंदाजाशी फरक अशा चार स्तंभांचं कोष्टक करा. फरकाचा स्तंभ वाचणाऱ्याला पद्धतीचा वेग सांगतो आणि मधल्या एखाद्या फेरीत बेरीज चुकली असेल तर तीही तिथेच उघडी पडते.

मग उत्तर. 'सहा दशांशांपर्यंत क्ष = २.०९४५५१' असं लिहिलंत तर त्याखाली अर्ध्या एककाची दोन्ही टोकं तपासून दाखवा: फ(२.०९४५५०५) ≈ −०.००००११ आणि फ(२.०९४५५१५) ≈ ०.००००००२, म्हणजे धन. या दोहोंत चिन्ह बदलतं, तेव्हा मूळ याच अंतरात आहे आणि पूर्णांकनानं २.०९४५५१ च येणार. दोन ओळींचं काम आहे, कोणत्याही पद्धतीनं काढलेल्या साध्या मुळाला चालतं, आणि उजवं टोक किती थोडक्यात धन आलं ते पाहिलं की सातवा अंक लिहिण्याआधी आणखी एक फेरी करावीशी वाटते.